लेंट, मटणाचे वार आणि राहून जाणारी प्रार्थना

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

राखेचा बुधवार झाला, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, लेंट, सुरू झाला की आमच्या मंडळीत (चर्चच्या लोकांत) पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यंदा काय सोडलंस?" कोणी चहा सोडतं, कोणी मटण, तरुण पोरंपोरी इन्स्टाग्राम. उत्तर दिलं की विषय संपतो आणि माणूस पुढच्याला विचारायला जातो.

मी चहा, गोड, मटण सगळं आलटून-पालटून सोडून पाहिलंय. सोडणं जमतं. अडतं ते पुढे. सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात, मग घरातल्यांवर चिडचिड सुरू होते, आणि त्यानंतर ते नुसतं पथ्य होऊन बसतं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीठ कमी केल्यासारखं. प्रार्थना मात्र होती तिथंच. रात्री अंथरुणावर पडल्यावर, डोळे मिटत असताना, प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) निम्म्यावर येते आणि घोरणं सुरू.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, १२ व्या अध्यायात, येशूने रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. अशुद्ध आत्मा घर सोडून जातो. परत येऊन बघतो तर घर झाडलेलं, आवरलेलं, पण आत कोणीच राहायला नाही. मग तो स्वतःपेक्षा वाईट असे आणखी सात जण घेऊन येतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो. लेंटमध्ये आपण झाडून घेतो, पण राहायला कोणाला बोलावतो?

तर विचारायचं एवढंच की मोह तुम्हाला नेमका कुठल्या वेळी गाठतो, आणि त्या वेळेत प्रार्थना कशी बसवता? नोकरी, पोरं, स्वयंपाक सांभाळून. मठातले उपाय नकोत. एकादशी, रोजे, चातुर्मास करणाऱ्यांनीही जरूर लिहा. कोणाचा धर्म खरा हा वाद इथं नको, त्याला वेगळे धागे पुरेसे आहेत.

---

रस्साप्रेमी

मी पयला!

एक शंका. आमच्या गल्लीतला ख्रिश्चन दोस्त या दिवसांत एरवी मटणाला हात लावत नाही, पण रविवारी आमच्या पंगतीला बसून तांबडा-पांढरा ओरपतो. वर म्हणतो, "रविवार धरत नाहीत." खरं का थापा?

---

पाळकांचा_नातू

खरं आहे. कॅलेंडर घेऊन मोजा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले ६ रविवार वजा केले की उरतात ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास करायचा नाही ही फार जुनी रीत. (पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची मोजणी वेगळी.) तेव्हा दोस्त नियमात बसतो. पांढऱ्याची तिसरी वाटी त्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावी.

आता याहून मोठी गंमत. 'दिदाखे' नावाचं मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं छोटं पुस्तक आहे, त्यात विश्वासणाऱ्यांना उपवासाचे दोन वार घालून दिले आहेत, बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे आपल्याकडचे मटणाचेच वार! कोल्हापुरी माणसाची परीक्षा बघायची हे तेव्हाच ठरलेलं दिसतंय.

त्याच पुस्तकात लगेच पुढे सांगितलंय की प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. आमचे आजोबा हे पाळायचे. दुपारची तर सायकलवरच, घरभेटीला जाता जाता. पंचगंगाकाठ, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला यातच दिसतं. उपवास आणि प्रार्थना लागोपाठच्या दोन परिच्छेदांत आहेत, वेगवेगळ्या कप्प्यांत नाहीत.

---

उद्यमनगर_भट्टी

मोह कधी गाठतोय इचारलंय म्हणून सांगतो. मी फौंड्रीत मोल्डर हाय. लेंटमध्ये मावा सोडलाय. सकाळी काय सुदिक वाटत न्हाई. साचे भरायचे असत्यात, मेटल ओतायचं असतंय, हात मोकळा नसतोय. ओतून झालं की मग दहा मिनिटं सगळी बसत्यात. तवा शेजारचा मावा चोळायला घेतोय. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि तो कागद तळहातावर चरचर वाजतोय. बघायची गरजच न्हाई, नुसत्या आवाजानं हिकडं तोंडाला पाणी सुटतंय. त्यात तो परत म्हणणार, "घे की भावा, एवढ्यानं काय हुतंय."

मला लांबलचक प्रार्थना जमत न्हाई. शब्दच सुचत न्हाईत. पाळकसाहेबांना तसं सांगितलं तर म्हणाले, कागद वाजला की प्रभूच्या प्रार्थनेतली एकच ओळ म्हणायची, "आम्हांला परीक्षेत आणू नको." मनातल्या मनात. तेवढंच करतोय. कधी जमतंय, कधी उठून पाणी प्यायला जावं लागतंय.

---

रस्साप्रेमी

भट्टीदादा, नाद खुळा. मस्करी करायला आलो होतो, पण हे वाचून गप बसलो.

---

वसईची_लेक

भट्टीदादा, ती ओळ सोडू नका.

मी कॅथलिक, माहेर वसई, लग्नानंतर इकडे आले. माहेरी या काळात सगळं गावच उपवासाला बसल्यासारखं असायचं. लग्नं नाहीत, बँडबाजा नाही, शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची आठवण करत प्रार्थना), चौदा ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे. एकटीने काही ठरवावंच लागत नाही, गाव तुम्हाला ओढत नेतं. इथं आमची मोजकी घरं. बाहेर पडलं की चुलीवरच्या मटणाचा वास, आणि उपवास माझा एकटीचा. इथं आल्यावर कळलं की माहेरी निम्मा उपवास माझ्या वतीने गावच करत होतं.

आमच्यात नियम ठरलेले आहेत. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. हे १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठीला लागेपर्यंत. मांस वर्ज्य मात्र १४ व्या वर्षापासून, आणि लेंटमधल्या सगळ्या शुक्रवारी.

माझा मोह पोटाचा नाहीच. रात्री भांडी आवरून झाली, ओटा पुसला, की हात आपोआप मोबाइलकडे जातो. "पाच मिनिटं" म्हणायचं आणि मान वर केली की साडेअकरा. यंदा जपमाळ ओट्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आहे आणि चार्जर बाहेरच्या खोलीत. एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना) म्हणायचं, मग काय तो मोबाइल. बऱ्याचदा म्हणून झाल्यावर मोबाइल घ्यावासाच वाटत नाही. घ्यावासा वाटला तर घेते. नाही कशाला म्हणू?

---

विचारी_विरोधक

राग मानू नका, पण देवाला तुमच्या चहाशी आणि मटणाशी काय देणंघेणं? वजन कमी होत असेल तर करा. विश्वाचा कर्ता रंकाळ्यावर कोणी भेळ खाल्ली याची नोंद ठेवत बसलाय, हे मला पटत नाही.

---

पंचगंगाकाठ

राग कसला? तुमचा प्रश्न बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायातही आहे, उलट्या बाजूने. तिथं लोकच देवाला विचारतात की आम्ही उपास केला, तू बघितलं का नाहीस? देवाचं उत्तर झोंबणारं आहे. उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, हाणामारी करता. मला हवा तो उपास म्हणजे आपल्या भाकरीतली भुकेल्याला वाटून देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला कपडा देणं. पोटाला चिमटा काढून तेवढ्यावर थांबायचं असेल तर देवाला त्याचं काही नाही, इथवर तुम्ही आणि यशया एकाच पंगतीत आहात.

आमच्याकडे काही घरांत या दिवसांत मटणाचे पैसे डब्यात टाकतात आणि त्यातून सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबे देतात. खेड्यातून आलेली माणसं असतात, पेशंट आत, हे बाहेर पायरीवर. चहा सोडला म्हणून देव खूश, असा हिशेब नाही. चहाचे पैसे आणि चहाची वेळ कुठं गेली हा हिशेब आहे. पैशांचं काय करायचं ते कळतं हो. वेळेचं कळत नाही, म्हणून तर धागा काढला.

---

विचारी_विरोधक

डबे पटले. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. :)

---

एकादशीवाली

"एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण आमच्याच घरावरून पडली असावी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ; द्वादशीला हलकं जेवून पोटाला आराम द्यावा लागतो.

पण सासूबाईंचं एक बघून ठेवलंय. त्या वेगळ्या बसून जप करत नाहीत. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना तोंडात हरिपाठ. कोणी बोलायला आलं की थांबतात, बोलतात, माणूस गेला की राहिल्या ओळीवरून पुढे. त्यांना विचारलं, "अहो आई, मन लागतं का असं कामात?" तर म्हणाल्या, "मन लागायची वाट बघत बसले असते तर एक अभंग पाठ झाला नसता." पंचगंगाकाठ, अंथरुणावर पडेपर्यंत कशाला थांबता?

---

रोजेदार_कोल्हापूर

२०२६ ला तुमचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात आमचा रमजान लागला. ऑफिसात मी आणि एक ख्रिश्चन सहकारी दोघंही दुपारी डबा न उघडता बसलेले, बाकीचे अवघडलेले. शेवटी त्यांनीच डबे खाली पार्किंगमध्ये नेले. आम्ही "अरे खा की इथं" म्हणत होतो.

अनुभव सांगतो. तहान सोसते. जीभ आवरत नाही. चहाडी, टोमणा, ट्रॅफिकमध्ये तोंडात येणारी शिवी. आमच्याकडे मोठी माणसं लहानपणीच सांगतात की रोजा पोटाचा तसा डोळ्यांचा आणि जिभेचाही. चहाडी करून इफ्तारीला बसलात तर दिवसभर नुसते उपाशी राहिलात, बाकी काही नाही.

दुसरं, वेळेचं. नमाजची वेळ मी ठरवत नाही. अजान झाली की वेळ झाली. "आता मूड आहे का" हा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे असं बाहेरून हाक मारणारं काय आहे?

---

उद्यमनगर_भट्टी

रोजेदारभाई, आमच्याकडं भोंगा हाय की! पाळी सुटायचा भोंगा. रोज वाजतोय, हे डोक्यात आलंच नव्हतं. त्यालाच लावून घेतो.

---

जुनी_पानं

धागा वाचतोय, आता राहवत नाही. जरा लांब होईल.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता (मृत्यू ३९९). त्याने मोहांची आठ विचारांत वर्गवारी केली: खादाडपणा, वासना, पैशाची हाव, खिन्नता, राग, मरगळ, बढाई, गर्व. यातली मरगळ म्हणजे त्याचा दुपारचा सैतान. त्याचं वर्णन वाचताना कोणीतरी माझंच लिहिलंय असं वाटतं. साधू कोठडीत बसलेला. ऊन चढलेलं. सूर्य जागचा हलेचना. तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे डोकावतो. मग वाटायला लागतं की ही जागाच बरोबर नाही, हे कामच बरोबर नाही, इथल्या माणसांत प्रेम उरलेलं नाही, दुसरीकडे गेलो तर सगळं सोपं होईल. देवाला काय, कुठूनही प्रार्थना केली तरी चालते, हा युक्तिवादही त्याच सैतानाचा!

भट्टीदादांची ओतकाम झाल्यानंतरची दहा मिनिटं आणि वसईच्या ताईंचा पुसून झालेला ओटा या खात्यात बसतात. कामात असताना माणूस वाचतो. काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत सापडतो.

एव्हाग्रियसचा उपाय असा की त्या विचाराशी वाद घालत बसायचं नाही. शास्त्रातलं एक वचन घ्यायचं, ते तोंडाने म्हणायचं आणि थांबायचं. कुठल्या विचाराला कुठलं वचन, याचा त्याने अख्खा संग्रह केला होता. ही युक्ती त्याने आणली कुठून? मत्तय ४ मधून. अरण्यात येशूला तीन मोह आले आणि तिन्हींना त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिलं, ८:३, ६:१६ आणि ६:१३. स्वतःचं भाषण केलं नाही. आता गंमत बघा, मंदिराच्या शिखरावर सैतानही वचनच म्हणतो, ९१ वं स्तोत्र, आणि तेही बरोबर म्हणतो. म्हणजे नुसतं पाठांतर पुरत नाही, सैतानाचंही पाठ आहे.

आणखी एक. पहिला मोह भाकरीचा आहे, दगडांच्या भाकरी कर असा. चाळीस दिवस उपाशी माणसाने भाकरी खाणं हे पाप नव्हे. भूक खरी होती, भाकरीही चांगलीच. वाईट होतं ते पोरकेपण पटवणं: बाप बघत नाहीये, तुझं तूच दगडातून काढून घे. रात्री साडेदहाला थकलेल्या बाईला विसावा हवासा वाटतो, ही मागणी खोटी नाही. प्रश्न एवढाच की ती मागणी आधी कोणाकडे न्यायची.

लूकच्या चौथ्या अध्यायातलं १३ वं वचनही बघून ठेवा. सैतान हरून कायमचा गेला असं तिथं म्हटलेलं नाही. संधी मिळेपर्यंत तो गेला. भट्टीदादा, ईस्टरनंतरच्या सोमवारीही कागद वाजणार आहे, तेव्हा ओळ ईस्टरला संपवू नका.

---

रस्साप्रेमी

म्हणजे चौथ्या शतकातही माणसं "कोण आलंय का" म्हणून सारखी बघायची. फक्त रील्स नव्हत्या.

---

भुदरगडी

माझी अडचण वेगळीच आहे. गावची यात्रा बरोबर याच दिवसांत येते. घरोघरी मटणाचं जेवण, पाहुण्याला हाताला धरून बसवतात. नाही म्हटलं तर "आमच्यातलं चालत नाही व्हय?" इथपर्यंत जातं. आणि कारण सांगायला जावं तर मत्तय ६ आडवं येतं: उपास लोकांना दिसू नये, तोंड धू, डोक्याला तेल लाव. नाही म्हटलं की उपास चव्हाट्यावर, खाल्लं की मोडला. करायचं काय?

---

पाळकांचा_नातू

याला जुना दाखला आहे. कॅसियन नावाचा संन्यासी इजिप्तमधल्या साधूंना भेटायला गेला. तिथले वडीलधारे पाहुणा आला की आपला उपास मोडून त्याच्याबरोबर जेवायचे. त्याने कारण विचारलं. एक म्हातारा म्हणाला, उपास माझ्याजवळ रोजचाच आहे, तुम्ही मात्र उद्या निघून जाल. माझं मत: यात्रेला जा, मानाने वाढलेलं थोडं खा, दुसरं वाढप नको म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी गाजावाजा न करता भरपाई करा.

---

वसईची_लेक

मला हे तितकं पटत नाही हं. आज यात्रा, उद्या बारसं, परवा साखरपुडा. या जिल्ह्यात चैत्रात आमंत्रण नाही असा दिवस दाखवा. "आमटी-भाकरी वाढा वहिनी, पोट ठीक नाही" एवढ्याने भागतं आणि कोणी दुखावत नाही.

---

पाळकांचा_नातू

पोट ठीक असताना ठीक नाही म्हणायचं? लेंटमध्ये? :)

---

वसईची_लेक

बरं, "आज भाकरीच खाणार" म्हणा. कारण कशाला द्यायचं? उत्तम शुक्रवारी मात्र कुठलीही यात्रा असो, मी जाणार नाही.

---

भुदरगडी

"भाकरीच खाणार" करून बघतो. पण शुक्रवारचीच धास्ती आहे. यात्रा आणि पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) हे नेमके एकत्रच कसे येतात?

---

पाळकांचा_नातू

योगायोग कमी, चंद्र जास्त. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा बऱ्याच वर्षी चैत्राचीच असते, आणि जोतिबाची यात्राही चैत्र पौर्णिमेची. २०२३ ला चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला होती, उत्तम शुक्रवार ७ ला. इकडे "चांगभलं" म्हणत गाड्या वाडी रत्नागिरीकडे, जोतिबाच्या डोंगरावर, तिकडे आम्ही पांढऱ्या कपड्यांत चर्चकडे, आणि सगळेच एका ट्रॅफिकमध्ये. २०२४ ला मात्र होळीचीच पौर्णिमा लागू पडली आणि ईस्टर ३१ मार्चला आला.

---

शाहूपुरीची_नात

थोडं अवांतर. माझी आजी पक्की चर्चवाली, पण लेंट वगैरे काही करायची नाही. राख लावणं तर "ते आपल्यात नाही" म्हणून सोडून द्यायची. आता आमच्याच चर्चमध्ये लेंटच्या खास सभा असतात. बदललं कधी?

---

पाळकांचा_नातू

आजींचं बरोबर होतं. कोल्हापुरात १८५२ ला रॉयल गोल्ड वायल्डर हे मिशनरी आले, पुढे १८७० मध्ये इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. ही परंपरा झ्विंगली-कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांची, आणि तिची सुरुवातच लेंट मोडण्यातून झाली म्हणा. १५२२ च्या लेंटमध्ये झुरिकला एका छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले. झ्विंगली तिथं हजर होता. स्वतः खाल्ले नाहीत, पण नंतर खाणाऱ्यांच्या बाजूने प्रवचन दिलं. शास्त्रात सक्ती नाही, तर माणसाने करू नये, असा मुद्दा.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकनही होते, ते आपलं कॅलेंडर घेऊन आले. लेंटची सवय आपल्याकडे बरीचशी तिकडून मुरली असं मला वाटतं. मला दोन्ही हवं आहे. सक्ती नको हे झ्विंगलीचं खरं. पण सक्ती नाही म्हणून काहीच करायचं नाही, हा त्याचा मुद्दा नव्हता, तो आपला आळस आहे.

---

रस्साप्रेमी

सॉसेजच्या जागी पांढरा रस्सा असता तर झ्विंगलीने पण खाल्ला असता. पैज.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. एकादशीवाली ताई, तुमच्या सासूबाईंचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मी दहा वर्षं सांगते आहे." असो.

माझी फट दुपारी चारची. शाळा सुटते, स्टाफरूममध्ये चहा आणि त्याच्यासोबत गैरहजर माणसाची चौकशी. रोजेदारभाईंनी म्हटलेला जिभेचा रोजा नेमका तिथं मोडतो. चहा सोडला होता तेव्हाही मी तिथंच बसायचो, बिनचहाचा, चहाडीला सामील. आता चहा घेईन, पण शाळेच्या घंटेला धरून. घंटा झाली की आधी रिकाम्या वर्गात प्रभूची प्रार्थना, सावकाश, मग स्टाफरूम. शिवाय पश्चात्तापाची सात स्तोत्रं आहेत, ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. आठवड्याला एक घेतलं तरी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत पुरतात. १३० वं आठ वचनांचं आहे, पाठ व्हायला हरकत नाही.

---

जुनी_पानं

५१ पासून सुरू करा. राखेच्या बुधवारी तेच वाचतात.

---

उद्यमनगर_भट्टी

काल भोंग्याला म्हटलं. शेजारचा म्हणाला, "काय पुटपुटालायस?" सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यासाठी पण म्हण की मग." मावा चोळता चोळताच म्हणाला.

एक इचारायचं हुतं. उत्तम शुक्रवारची भक्ती बारा ते तीन असती न्हवं? माझी पाळी दीडला सुटती. अंगावर भट्टीची काळी कापडं असत्यात, घरी जाऊन येईस्तोवर तीन वाजतील. तसाच आलो तर चालतंय का?

---

पाळकांचा_नातू

बारा ते तीनच. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, दीडला सुटलात तर चौथा चुकतोय की काय एवढाच प्रश्न. पहिले दोघं वेळ खातात, त्यामुळे बहुतेक सापडेल. तसेच या. फक्त मागच्या बाकावर बसू नका, तिथला पंखा बंद आहे.